वाघिणीला कोर्ट, भाकरवालीला कोण?

डिसेंबर लागला की आमच्या घरच्यांत दरवर्षीचा वाद पेटतो आणि मी तो इकडे जर्मनीत, माइन्झजवळच्या द्राक्षमळ्यांच्या गावात बसून फोनवर ऐकतो. चुलतभाऊ पुण्याहून दोन दिवस विदर्भात उतरतो, कुठल्यातरी शेतावर हुरडा खातो, बहिरमला हंडीचं मटण चापतो, चिखलदऱ्याला रबडी, आणि या सगळ्याचे फोटो टाकतो. परतवाड्याचे काका भडकतात. इथे कापसाला भाव नाही, शेतकरी कर्जात बुडालाय आणि तुम्हाला ताटांचे फोटो सुचतात! भाऊ म्हणतो, फुकट खाल्लं का? पैसे मोजले. उलट चार माणसांना रोजगार मिळाला.

मला यात काकांचं अर्धंच पटतं, आणि तेही ते म्हणतात त्या कारणासाठी नाही.

खादाडीसाठी भटकणं हे काही पुण्या-मुंबईहून आलेलं खूळ नाही. चांदूर बाजार तालुक्यातली बहिरमची यात्रा बघा. परतवाडा-बैतूल रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, डिसेंबरच्या शेवटी सुरू होऊन जानेवारीभर चालते. माणसं देवाला नमस्कार करतात आणि मग राहुट्यांत मुक्काम ठोकून मातीच्या हंडीत मटण शिजवतात. तिथे होणारे पशुबळी बंद व्हावेत म्हणून गाडगेबाबांनी जिवाचं रान केलं, पण हंडी काही कोणी सोडली नाही. शेतातली रोडग्यांची पार्टी तर आमच्याकडे लग्नापेक्षा जास्त मनावर घेतात. कर्ज असलेला माणूसही ती देतो. शेतकरी दुःखात आहे म्हणून त्याच्या गावात कोणी पोटभर जेवू नये, हा न्याय खुद्द शेतकऱ्याने कधी मागितलेला मी ऐकला नाही.

रोडगा तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. जाडसर कणकेच्या छोट्या पोळ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, त्या थरांवर बाहेरून आणखी एक पारी चढवायची आणि तो गोळा गोवऱ्यांच्या आरात पुरायचा. वरून करपल्यासारखा दिसतो. मग कापडात घालून राख झटकायची, मुठीने फोडायचा. आतून पापुद्रे सुटतात आणि वाफ नाकात जाते. त्यावर तूप, बाजूला वांग्याची भाजी. फोटोत मात्र रोडगा म्हणजे काळा दगड दिसतो. भाजीच्या तर्रीचं तर फोनला मुळीच जमत नाही, सगळं लाल फटफटीत होऊन बसतं. बरा फोटो हवा असेल तर संध्याकाळी पाचच्या तिरप्या उन्हात, धूर उजेडाच्या बाजूने येत असताना काढावा. हुरड्याचा तर काढूच नये. तळहातावर चोळून तूस फुंकेपर्यंतच तो ऊन असतो, गार झाला की चिवट. वाणी जातीच्या ज्वारीचा कोवळा हुरडा शेतात असतोही थोडेच दिवस.

आता इकडचं. आमच्या गावात द्राक्षवाल्या शेतकऱ्याला वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, जास्तीत जास्त 40 खुर्च्या मांडून, स्वतःची वाइन आणि साधं जेवण विकता येतं. हॉटेलचा वेगळा परवाना लागत नाही. दारावर हिरव्या फांद्यांचा जुडगा टांगला की समजायचं, आज उघडं आहे. आपल्याकडेही 2020 साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. त्यामागची कल्पना याच्या जवळचीच आहे. रविवारी फ्रँकफर्टची मंडळी येतात, खातात, पितात, ताटांचे फोटो काढतात. कोणी त्यांना उथळ म्हणत नाही.

पण वाढणाऱ्या बाईचा फोटो न विचारता कोणी काढत नाही. काढलाच, तरी तिच्या संमतीशिवाय तो चारचौघांत पसरवता येत नाही. हा कायदा 1907चा आहे, फोन तर सोडाच, घरोघरी कॅमेरेही नव्हते तेव्हाचा. जत्रेच्या गर्दीचा फोटो चालतो, देखाव्यात कोणी ओघाने आलं तरी चालतं. एका माणसाचा चेहरा उचलून घेता येत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण भावाच्या फोटोंत भाकर थापणाऱ्या म्हातारीचा चेहरा अगदी जवळून आहे, घामासकट, खाली 'अस्सल गावरान' असं लिहिलेलं. तिला विचारलं होतं का, तर उत्तर नाही.

मेळघाटात हे जास्त बोचतं. 1990च्या दशकापासून तिथल्या कोरकू पोरांचे बरगड्या दिसणारे फोटो कुपोषणाच्या बातम्यांसोबत देशभर फिरले. आता चिखलदऱ्याच्या वाटेवर गाड्या थांबतात आणि त्याच पाड्यांतल्या पोरांचे हसरे फोटो निघतात. विचारत तेव्हाही कोणी नव्हतं.

आणि गंमत बघा. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एफ-2 वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. पर्यटकांना जवळून बघायचं होतं, फोटो हवे होते. बोभाटा झाला, गाइड आणि चालक निलंबित झाले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ठीकच झालं. पण वाघिणीच्या वाटेत कॅमेरे आले तर कोर्ट उभं राहतं आणि चुलीपुढच्या बाईच्या तोंडासमोर आले तर आपण त्याला ग्रामीण पर्यटन म्हणतो.

काकांना हे सांगितलं तर ते खूश झाले, म्हणून त्यांनाही थोडं सुनवावं लागलं. इकडचा शिस्तीचा कारभार कोरडा आहे. अनोळखी माणसाचा फोटो काढायचा नाही, म्हणून त्याच्याशी बोलायचंही नाही. वर्षानुवर्षं ज्या अंगणात जेवतो त्या वाढणाऱ्या बाईचं नाव मला माहीत नाही. बहिरमला मी विचारलं तर हंडीवाली मावशी म्हणाली, "काहून काढतं रे बापू माह्या फोटो? आधी जेवून घे, थंडं होते." आणि जेवण झाल्यावर पदर सारखा करून स्वतःच म्हणाली, "काढ आता. अन् माह्या पोराच्या फोनवर धाड." विचारायला एवढाच वेळ लागतो. एखादी नाही म्हणेल, तर ताटाचा काढा.

भाऊ आता विचारायला तयार आहे, पण विचारून फोटोचे पैसेही द्यावेत, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही. भाकरीचे घासाघीस न करता द्या, वर दोन जास्तीच्या घ्या. पण चेहऱ्याचा भाव ठरला की उद्या चिखलदऱ्याच्या रस्त्यावर शाळा सोडून पोरं दहाच्या नोटेसाठी उभी राहतील, काही ठिकाणी राहतातच. तो म्हणतो, तुला युरोत पगार आहे, तुला दहा रुपयांचं काय कळणार. यावर मला अजून नीट उत्तर देता आलेलं नाही.