दर शंभर ग्रॅममागे

केफिर नावाचं आंबवलेलं दूध जास्त पौष्टिक की पालकाची भाजी, यावरून आमच्या घरात सध्या दोन पक्ष आहेत. केफिर पक्षाची अध्यक्ष माझी बायको. पालक पक्षाचे संस्थापक, सरचिटणीस आणि एकमेव सदस्य आमचे अप्पा, वय वर्षं ७८. मी तटस्थ होतो. तटस्थ माणसाच्या गळ्यातच काम पडतं, हे इतक्या वर्षांच्या संसारात मला कळायला हवं होतं.

"अहो, तुमचं गणित बरंय ना? मग एकदाचं सांगून टाका, जास्त कशात आहे."

"काय जास्त?"

"सगळं!"

केफिर घरात आलं त्या दिवसापासून मी त्याला वचकून आहे. फुलकोबीच्या तुऱ्यासारखे दिसणारे पांढरट, बुळबुळीत दाणे. दाणे म्हणायचं ते नुसतं नावाला. प्रत्यक्षात ती जिवाणू आणि यीस्ट यांची एकत्र कुटुंबपद्धती. हे दाणे दुधात टाकायचे, दिवसभर ठेवायचे, गाळायचे, पुन्हा ताज्या दुधात टाकायचे. रोज. वर ते वाढतात. गावाला जायचं ठरलं की आमच्याकडे आता आधी दाण्यांची सोय बघावी लागते.

पहिल्याच आठवड्यात मी मदत करायला गेलो. माश्या बसू नयेत म्हणून बाटलीचं झाकण चांगलं आवळून लावलं. यीस्ट आंबवताना कार्बन डायऑक्साइड सोडतं, हे मला शाळेत शिकवलं होतं. पण शाळेत शिकवलेलं ऐन वेळी आठवलं असतं तर मी आणखी कुठेतरी असतो. दुसऱ्या दिवशी झाकण फिरवलं आणि अर्धं केफिर छतावर, उरलेलं माझ्या चष्म्यावर. अप्पा दारात उभे होते. एवढंच म्हणाले, "पालक असा कधी कुणाच्या अंगावर आलाय?"

तर तक्ता करायला बसलो. पहिलाच आकडा असा निघाला की हसावं की रडावं कळेना. पालकात पाणी ९१ टक्के. केफिरमध्येही नव्वदीच्या आसपास. म्हणजे महिनाभर आमच्याकडे जी धुसफूस चालली होती ती उरलेल्या एक-दशांशावरून. हे मी दोन्ही पक्षांना सांगितलं. दोन्ही पक्षांनी मला पुढचा आकडा वाचायला सांगितलं.

पोषणाचे सगळे तक्ते दर शंभर ग्रॅममागे असतात. म्हटलं, बघू तरी शंभर ग्रॅम म्हणजे किती. केफिर मोजलं, अर्धा कपही भरला नाही. तीन घोटांत संपेल. मग पालक. निवडला, देठं काढली, धुतला, निथळला आणि काट्यावर ठेवायला लागलो. पानं घसरून ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर. काटा ६० वर असतानाच ताटली दिसेनाशी झाली. १०० भरेपर्यंत काट्याचा आकडाच पानांखाली गेला. तो ढीग कढईत टाकला तर पाच मिनिटांत मूठभर झाला. आता यातला शंभर ग्रॅम खरा कुठला, ओट्यावरचा की कढईतला? कुठलाही तक्ता वाचताना आधी 'कच्चा' की 'शिजवलेला' हे बघा. मी न बघितल्याने एक अख्खी संध्याकाळ चुकीची बेरीज केली.

कॅल्शियमच्या ओळीवर अप्पा सरसावून बसले. कच्च्या पालकात साधारण ९९ मिलिग्रॅम, केफिरमध्ये १२० च्या आसपास. "बघ! गाय न पाळता!" पण पालकात ऑक्सलेट नावाचं एक द्रव्य असतं. ते कॅल्शियमला असं घट्ट धरून बसतं की त्यातलं जेमतेम ५ टक्के अंगी लागतं. दुधातलं सुमारे ३० टक्के लागतं. म्हणजे एका ग्लासभर केफिरइतकं कॅल्शियम खरोखर अंगी लागायचं तर अप्पांना पावणेदोन किलो पालक खावा लागेल. बायकोने तो आकडा फ्रिजवर चिकटवला.

अप्पा हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी माघार घेतली नाही, एककच बदललं. "ग्रॅमवर कशाला मोजतोस? कॅलरीवर मोज." मोजलं. शंभर ग्रॅम पालकात २३ कॅलरी. शंभर कॅलरी हव्या तर ४३५ ग्रॅम पालक, आणि त्यात प्रथिनं जवळजवळ साडेबारा ग्रॅम! आमच्या केफिरच्या शंभर कॅलरीत सहा-सात. पालकाने प्रथिनांत दुधाला हरवलं हे बघून मीच दचकलो.

"४३५ ग्रॅम एका बैठकीत खाऊन दाखवा अप्पा, मी पक्ष बदलते," बायको म्हणाली.

बाकीच्या ओळी भराभर झाल्या, कारण तिथे सामना नव्हताच. तंतू, लोह, क जीवनसत्त्व, के जीवनसत्त्व: पालक. केफिरमध्ये तंतू शून्य, आणि शून्याला कितीही लिटरनी गुणा. बी१२: केफिर. इथे पालकाचं शून्य, ढीग छतापर्यंत गेला तरी. फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व तर पालकाच्या घरचंच. १९४१ साली ते पहिल्यांदा वेगळं केलं ते पालकाच्याच पानांतून, आणि नावही लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून. पालकातलं लोह मात्र अंगी लागायला कुरकुरतं, हे मी हळू आवाजात वाचलं.

आकड्यांत बरोबरी होतेय म्हटल्यावर बायकोने इतिहास काढला. केफिर मूळचं कॉकेशसच्या डोंगरांतलं, तिथल्या पशुपालकांचं.

"पशु-काय?"

"पशुपालकांचं."

"पालकांचंच ना? मग झालं तर."

मग तिने मेचनिकॉफ आणले. आंबवलेल्या दुधाने म्हातारपण लांबणीवर पडतं असा सिद्धांत मांडणारे शास्त्रज्ञ, १९०८ चं नोबेल. (नोबेल रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी होतं, दुधासाठी नव्हे. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.) अप्पांनी नातीला फोनवर बघायला लावलं. मेचनिकॉफ १९१६ साली वारले, ७१ व्या वर्षी. अप्पांनी चष्मा काढून पुसला. "माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान होते बिचारे."

शेवटी मुलगीच वैतागली. तिने दोन्ही एकत्र मिक्सरमध्ये फिरवलं. रंग असा आला की त्याला मराठीत नाव नाही. तळ्याकाठी पावसाळा संपताना दिसतो, तो. मी घाईघाईने वाचून सांगितलं की पालकाचं ऑक्सलेट आता केफिरच्याही थोड्या कॅल्शियमला पकडणार. बायको म्हणाली, "म्हणजे आमचं नुकसान!" पण या पकडापकडीची दुसरी बाजू अशी की कॅल्शियमला चिकटलेलं ऑक्सलेट आतड्यातूनच बाहेर जातं, मूत्रपिंडापर्यंत कमी पोचतं. अप्पांना मागे मुतखडा झाला होता. ते खडे आठवून अप्पांनी ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"पालकाची चव वर येतेय," ते म्हणाले.

"आंबटपणा केफिरचाय," बायको म्हणाली.

मुलीने स्वतः चाखलंही नाही. उरलेलं भांडंभर मी संपवलं, कारण टाकून द्यायचं नसतं आणि मी तटस्थ आहे. ग्लास विसळत होतो तेवढ्यात मागून अप्पांचा आवाज आला.

"अरे, आता या मिश्रणाचा एक तक्ता कर. दर शंभर ग्रॅममागे."