तीळ ठेवायचा का घालवायचा?

लग्नसराईत बंड्या आमच्या मंगळवार पेठेच्या कट्ट्यावर फिरकत नाही, आणि फिरकला तर डोळे तांबारलेले असतात. परवा मात्र गडी ताजातवाना. रविवारचं लग्न, साडेचार हजार क्लिक, त्यातले बाराशे निवडून, चेहरे साफ करून मंगळवारी सकाळी पार्टीला लिंक पाठवून मोकळा.

“एआयनं केलं, भावा,” तो म्हणाला. “आधी एकेक चेहरा हीलिंग ब्रशनं पुसत बसायचो. आता एका फोटोवर सेटिंग लावायचं, बाकीच्यांना सिंक मारायचं आणि झोपायचं. बाई का बाप्या ओळखतंय, म्हातारं का तरणं ओळखतंय. पुटकुळ्या गेल्या, डोळ्याखालचं काळं गेलं, दात पांढरे. एक्स्पोर्टला फोटोमागं क्रेडिट, म्हणजे आधी पैसे भरून घेतलेला कोटा, कापतंय, तेवढंच.”

अण्णांनी त्याचा मोबाईल घेतला. अण्णा म्हणजे जुने स्टुडिओवाले. दुकान कधीच बंद झालं, पण फोटो हातात आला की आधी कोपरे बघायची सवय गेलेली नाही. दोन बोटांनी नवरीचा गाल मोठा केला, चष्मा वर सारला.

“हिचं कातडं कुठं हाय रं?”

“स्मूथ जरा जास्त झालंय. सत्तरवर होतं, चाळीसवर आणतो. टेक्स्चर ठेवायचा पण स्लायडर हाय त्यात.”

सरांनी बंड्याची बाजू घेतली, हे जरा आश्चर्यच. सर शाळेत विज्ञान शिकवतात आणि बंड्याच्या धंद्याला एरवी नावं ठेवतात. त्यांचं म्हणणं, चेहरा धुरकट करून डाग लपवायचे दिवस गेले. आता ही सॉफ्टवेअरं चांगल्या कारागिरानं हात फिरवायच्या आधीचा आणि नंतरचा अशा फोटोंच्या जोड्या बघून शिकतात. त्यामुळं पुटकुळी जाते आणि शेजारची रंध्रं राहतात. “अण्णा, नवरी प्लास्टिकची दिसत असेल तर तो बंड्याचा हात. यंत्राला बोल लावू नका.”

अण्णा पेटले. तुम्ही पोरांनी हाताला रंग लागू दिला नाही, इथून सुरुवात. आम्ही निगेटिव्हवर टचिंग करायचो. तिरक्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशानं उजेड घ्यायचा. मिडियम नावाचा चिकट द्रव चोळून पृष्ठभाग खरखरीत करायचा, म्हणजे पेन्सिल धरते. शिसाचं टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचं. माणसाच्या चेहऱ्यावरची काळी सुरकुती निगेटिव्हवर पांढरी दिसते, तिथं बारीक बारीक टिंबं भरत जायचं. जेवढं भराल तेवढं प्रिंटवर उजळ. पेन्सिलीनं फक्त उजळ करता येतं. काळं करायचं असलं तर चाकूनं इमल्शन, म्हणजे निगेटिव्हवरचा चित्राचा थर, खरवडायचं, आणि हात चुकला की निगेटिव्ह गेली कामातनं. “हाफ प्लेटवरचा एक चेहरा करायला सकाळ जायची. म्हणून माणूस विचार करायचा, काय घालवायचं आणि काय ठेवायचं.”

“काय घालवायचं ते आम्हाला ठाऊक आहे की, अण्णा,” वकील म्हणाला. “देवीचे वण.”

अण्णा गप्प.

वकिलानं सोडलं नाही. देवीचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. त्याआधी जन्मलेल्या कितीतरी पोरींच्या तोंडावर वण होते आणि त्यांचे ‘दाखवायचे फोटो’ तुमच्यासारख्यांच्या स्टुडिओतच निघाले. पेन्सिलीनं खड्डे कुणी बुजवले? सावळ्या पोरीला प्रिंटवर दोन घर उजळ कुणी केलं? “तुम्ही बारा आण्यात केलं ते पुण्य आणि बंड्यानं क्रेडिट मोजून केलं ते पाप?”

वकील बोलला ते खरंच होतं. जुन्या कारागिरीचं कौतुक करताना आपण हे सोयीनं विसरतो. फोटोतला माणूस जसाच्या तसा असायचा असा काळ कधी नव्हताच. कॅमेऱ्यासमोर बसायच्या आधी पावडर लावणारी माणसं आपण.

अण्णांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “बुजवले. पण विचारून बुजवले. पोरीच्या बापाला विचारायचो, ‘तीळ ठेवायचा का घालवायचा?’ कुणी म्हणायचं ठेवा, तो लक्ष्मीचा आहे. कुणी म्हणायचं काढा. तुझं मशीन कुणाला विचारतंय?”

माझ्या मते सगळ्या वादातला कळीचा मुद्दा हाच होता, आणि गंमत म्हणजे त्याला पुरावा बंड्यानंच दिला. हळदीच्या फोटोंचं रडगाणं त्यानं आपण होऊन सुरू केलं. सॉफ्टवेअरला कातडीचा रंग सारखा करायला सांगितलं की त्याला नवरीच्या गालावरची हळद म्हणजे रंगाची गडबड वाटते. पिवळं उतरवून टाकतं. हळदीच्या अख्ख्या सेटमध्ये नवरी अशी दिसली, जणू हळद लावून धुऊनच आली. हातांवरही सफाई लागू ठेवली तर मेंदीची बारीक जाळी फुगून एक होते. आणि मुंडावळ्या! मोत्यांची सर गालावरून लोंबत असते. सरीच्या अलीकडचा गाल गुळगुळीत, पलीकडचा तसाच, मधे मोत्यांभोवती धुकं. “तिथं मास्क, म्हणजे सफाई कुठवर लागू करायची त्याची हद्द, हातानंच मारावा लागतोय,” बंड्या म्हणाला. “बाराशेतले दोनशे-अडीचशे मी हातानंच केलेत. पार्टीला सांगत न्हाई, एवढंच.”

म्हणजे कळतं त्याला. बाहेरच्या लग्नांवर शिकलेल्या यंत्राला हळद हा डाग वाटणारच, त्यात त्याचा काय दोष. पण डाग कशाला म्हणायचं हे ठरवायची खुर्ची रिकामी ठेवली की तिथं कंपनीचं डिफॉल्ट सेटिंग येऊन बसतं.

वकील त्यावर कायदा सांगायला लागला. नॉर्वेत २०२२ पासून जाहिरातीतल्या माणसाचं शरीर किंवा कातडी रिटच केली असेल तर तसं छापावं लागतं. आपल्याकडं पासपोर्टच्या फोटोला सॉफ्टवेअरनं हात लावायचा नाही, एवढं लोकांना माहीत असतं. लग्नाच्या अल्बमला मात्र कुणी हटकत नाही. “आणि हटकूही नये,” तो पुढं म्हणाला, “अल्बम त्यांचा, तोंड त्यांचं.” नियम सांगून लगेच तो लागू नाही म्हणायची वकिलाची खोड जुनी आहे.

एवढ्यात चहाच्या गाडीवरून आक्का आली. कप गोळा करायला आली असं वाटलं, पण हातात मोबाईल होता.

“बंड्या, बाळा, हे बघ जरा. आईचा फोटो मोठा करून घ्यायचाय. तेराव्याला लावायला.”

आक्काच्या आईचा एकटीचा फोटोच नाही. कुणाच्या तरी लग्नात मागच्या रांगेत उभी असलेली तेवढी आहे. भाच्यानं त्यातला चेहरा कापून कुठल्याशा ॲपवरून ‘क्लिअर’ करून दिलेला. आम्ही सगळ्यांनी वाकून बघितलं. लख्ख फोटो. पापणीन् पापणी मोजावी असा. सुरेख म्हातारी, चेहऱ्यावर मोजक्या सुरकुत्या, डोळ्यांत चमक.

“छान आलाय की,” सर म्हणाले.

“छान हाय. पण आई न्हाई ती.”

मग तिनं मूळ फोटो दाखवला. अगदी फुटलेला चेहरा, पण कपाळावर भुवयांच्या मधोमध हिरवट काहीतरी दिसत होतं आणि हनुवटीवर एक ठिपका. गोंदण. आईच्या कपाळावर उभी रेघ होती आणि दोन्ही अंगाला ठिपके. ॲपनं ते सगळं पुसून कपाळ कोरं करून दिलं होतं. जड बुगड्यांनी ओघळलेल्या कानाच्या पाळ्या होत्या, त्याही नीटनेटक्या झाल्या होत्या.

बंड्यानं फोटो लॅपटॉपवर घेतला आणि चेहऱ्याचं माप काढलं. रुंदीला चाळीस पिक्सेल, उंचीला पन्नास. सरांना आता चेव आला. चाळीस गुणिले पन्नास म्हणजे दोन हजार टिंबं. ह्या ॲपच्या पोटात नेमकं काय आहे ते कंपनी जाणे, पण असली कामं करणारं एक मॉडेल २०२१ साली आलं, जीएफपी-गॅन नावाचं. ते ५१२ बाय ५१२ चा चेहरा काढून देतं, म्हणजे दोन लाख बासष्ट हजार टिंबं. “म्हणजे दर एकशे एकतीस टिंबांमागं खरं एक. बाकीची एकशे तीस यंत्रानं मनानं भरली. बंड्या पुटकुळी काढतो तिथं भोवतीचं कातडं खरं असतं. इथं खाली खरं काही नाहीच. हे रिटचिंग नव्हे, हे चित्र काढलंय.”

“पण चित्र काढताना बघितलं कुणाकडं?” वकिलानं विचारलं.

“सत्तर हजार चेहऱ्यांकडं. फ्लिकर नावाच्या साइटवरून गोळा केलेले. त्यात गोंदलेल्या कपाळाच्या आज्या किती असतील, तूच सांग.” सरांना आणखी एक आठवलं. २०२० साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात केलेल्या अशाच एका प्रोग्रॅमला लोकांनी बराक ओबामांचा अंधूक फोटो दिला, तर त्यानं गोरा माणूस काढून दिला. ओबामांचा चेहरा ओळखणारे जगभर होते म्हणून बोंब झाली. आक्काच्या आईला ओळखणारी माणसं किती? पाच-पन्नास. वीस वर्षांनी त्यातली निम्मी नसतील, आणि भिंतीवर राहील तो हा कोऱ्या कपाळाचा चेहरा. नातवंडं त्यालाच पणजी म्हणतील.

मला वाटतं, जिवंत माणसाच्या फोटोचं एकवेळ चालेल. उद्या तो समोर उभा राहिला की खरं-खोटं कळतंच. गेलेल्या माणसाला आपलं तोंड परत मागता येत नाही.

बंड्या मात्र हार मानायला तयार नव्हता. त्यानं ॲपचा चेहरा खालच्या लेयरवर ठेवला, वर मूळ फोटो, आणि मास्क मारून कपाळ, हनुवटी, कान तेवढे मूळचे उघडे केले. झालं ते विचित्रच. लख्ख चेहऱ्यावर कपाळाला ओलसर बुरशी आल्यासारखी. मग म्हणाला, आक्का, तू सांग, रेघ केवढी होती, ठिपके किती, मी पेनटूलनं काढतो. आक्का बोटानं स्वतःच्या कपाळावर दाखवायला लागली आणि मधेच थांबली. ठिपके तीन का पाच, तिला सांगता येईना. थोरल्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली चार.

“राहू दे,” अण्णा म्हणाले. “मोठा कशाला करतोस? दोन हजार टिंबांचा फोटो दोन हजार टिंबांएवढाच काढ. रंग काढून ब्लॅक अँड व्हाईट कर, पासपोर्टएवढा प्रिंट मार. चांगला मॅट कागद घे. लहानपणी चेहरा बारीक असला की डोळा आपोआप भरून काढतोय. मग बारा बाय पंधराची फ्रेम घे आणि सगळीकडनं रुंद माउंट टाक. लांबून फ्रेम मोठी दिसती, जवळ गेलं की आई दिसती.”

“लहानपणी नव्हे अण्णा, लहान साईजला,” सरांनी चूक काढली. कुणी लक्ष दिलं नाही.

आक्काला पटलं. भाच्याला काय सांगायचं तेवढा तिला प्रश्न पडला, कारण पोरानं हौसेनं केलं होतं. त्यानं तोच लख्ख फोटो चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सलाही देऊन टाकला होता. फ्लेक्सवाला म्हणाला, छापून झालाय. त्यावर काही इलाज नव्हता.

आक्का गेल्यावर बंड्यानं जाहीर केलं की ह्या सीझनपासून बुकिंगच्या पावतीमागं चार रकाने छापणार. तीळ ठेवायचा का काढायचा, जुने व्रण ठेवायचे का काढायचे, सुरकुत्या किती ठेवायच्या, रंग आहे तो ठेवायचा का उजळ करायचा. ग्राहकानं खूण करायची, खाली सही.

“शेवटच्या रकान्यात खूण कोण करेल?” वकील म्हणाला. “रंग उजळ करा म्हणून कुठली नवरी सही करून देईल? तोंडी सांगतील सगळे.”

“नवरी न्हाई देणार,” अण्णा उठता उठता म्हणाले. “सासू देईल. आणि ॲडव्हान्सपण तीच देईल.”