पीडी-१ हे ‘कॅन्सरचं जनुक’ नाही

जून २०२२ मध्ये अमेरिकेतून एक खरी बातमी आली आणि आपल्याकडच्या फॅमिली ग्रुपांवर तिला पाय फुटले. तेव्हापासून थोड्याफार फरकाने हा मजकूर फिरतोच आहे: ‘नव्या औषधाने १०० टक्के रुग्णांचा कॅन्सर गायब. हे औषध पीडीसीडी१ हे कॅन्सरचं जनुक बंद करतं. चीनने तर ते जनुक कापूनच टाकलं. आपलीच प्रतिकारशक्ती काम करते, म्हणून साइड इफेक्ट शून्य. गुळवेल-हळदीचा काढा घरच्या घरी हेच करतो, केमोला नकार द्या.’ यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीची खपून जातात.

ते १०० टक्के आधी पाहू. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात डोस्टारलिमॅब या औषधाचे सहा महिन्यांचे उपचार पूर्ण केलेले रुग्ण होते १२, आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. पुढे ही संख्या ४९ वर गेली, तरी निकाल तोच राहिला. यश मोठंच आहे, त्याला नाक मुरडायचं कारण नाही. पण या सगळ्यांना गुदाशयाचा कॅन्सर होता, शरीरात दूरवर न पसरलेला, आणि त्यातही डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेल्या प्रकारचा. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये असे रुग्ण १०० मागे पाच ते दहा असतात. चुका साचून साचून त्या पेशी इतक्या परक्या दिसू लागतात की प्रतिकारपेशींना त्या ओळखणं सोपं जातं. डोस्टारलिमॅबसारखंच पीडी-१ या प्रथिनाला अडवणाऱ्या निव्होलुमॅब या औषधाची २०१२ साली प्रसिद्ध झालेली पहिली मोठी चाचणी पाहा: गाठ लक्षणीय आक्रसली ती त्वचेच्या मेलानोमात २८ टक्के, मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये २७ टक्के आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये १८ टक्के रुग्णांत. मोठ्या आतड्याच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये एकातही नाही.

आता ‘कॅन्सरचं जनुक’. मजकुरातली सर्वांत मोठी गफलत हीच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पीडीसीडी१ हे दुसऱ्या गुणसूत्राच्या टोकाजवळचं जनुक तुमच्याकडे आहे, माझ्याकडे आहे, ठणठणीत माणसांकडेही आहे. त्यापासून बनणारं पीडी-१ हे प्रथिन कॅन्सरच्या पेशीवर नव्हे, तर प्रामुख्याने कामाला लागलेल्या टी-पेशींच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या हल्लेखोर पेशींच्या, पृष्ठभागावर उमटतं. समोरच्या पेशीवर पीडी-एल१ हा जोडीदार भेटला की पीडी-१ टी-पेशीच्या आत चालू असलेले ‘हल्ला करा’चे संकेत मंद करतं. थोडक्यात, तो ब्रेक आहे. गाठी काय करतात, तर स्वतःवर पीडी-एल१ मिरवतात आणि हा ब्रेक दाबून ठेवतात. औषध जनुकाला हातही लावत नाही. ते एक प्रतिपिंड आहे आणि पीडी-१ ला चिकटून ही भेट होऊ देत नाही. म्हणूनच ‘पीडीसीडी१ची टेस्ट करून घ्या’ हा सल्लाही फोल. उपचार ठरवताना डॉक्टर तपासतात ते गाठीच्या तुकड्यावरचं पीडी-एल१ किंवा तिची डीएनए-दुरुस्तीची क्षमता.

आणि हा ब्रेक मुळातच नसेल तर? जपानमधल्या क्योतो विद्यापीठात तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये हे जनुक शोधलं आणि पुढे ते नसलेले उंदीर तयार केले. १९९९ च्या निबंधातल्या उंदरांना वय वाढता वाढता ल्युपससारखा, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, आजार झाला, सांधे आणि मूत्रपिंडं सुजली. २००१ मध्ये दुसऱ्या जातीच्या उंदरांत हृदयाचे स्नायू निकामी झालेले दिसले. माणसातलं उदाहरण २०२१ मध्ये नोंदलं गेलं. या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी घेऊन जन्मलेल्या एका मुलाला लहानपणीच टाइप-१ मधुमेह, थायरॉइडचा विकार आणि संधिवात झाला होता. वर क्षयरोगही झाला, आणि तो बरा झाल्यावर फुप्फुसांवर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने केलेल्या हल्ल्यात ते मूल गेलं. ब्रेक काढला की प्रत्येक रोगाशी जोमाने लढता येईल असं वाटणाऱ्यांनी तो क्षयरोग लक्षात घ्यावा.

याच्याही पुढची गोष्ट म्हणजे टी-पेशींच्याच काही लिम्फोमांत (लसिकासंस्थेच्या कॅन्सरांत) हे जनुक गळून गेलेलं आढळतं. म्हणजे तिथे ते कॅन्सरला आवरून धरणारं जनुक ठरतं. प्रौढांतल्या टी-पेशींच्या एका ल्युकेमियात निव्होलुमॅब दिल्यावर तीन रुग्णांचा आजार उलट झपाट्याने वाढला, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं आहे.

‘साइड इफेक्ट शून्य’चं उत्तर खरं तर वरच येऊन गेलं. थायरॉइड, आतडं, यकृत, फुप्फुस, क्वचित हृदय, यांतल्या कशावरही मोकळ्या सुटलेल्या टी-पेशी तुटून पडू शकतात. केमोचे परिणाम वेगळे, हे वेगळे.

चीनचं प्रकरण लहान आहे. २०१६ साली चेंगडूमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या टी-पेशी बाहेर काढल्या, क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने त्यांतलं पीडीसीडी१ तोडलं आणि त्या परत शरीरात सोडल्या. माणसाच्या अख्ख्या शरीरातलं जनुक ‘कापून टाकलं’ असं काही झालं नाही. २०२० च्या अहवालानुसार पद्धत सुरक्षित दिसली, पण गाठींवर परिणाम तुटपुंजाच झाला.

काढ्याबद्दल. टी-पेशी हल्ला करताना इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन सोडतात आणि त्यानेच गाठीवरचं पीडी-एल१ वाढतं. म्हणजे नुसता हल्ल्याचा जोर वाढवला, तर गाठ ब्रेक आणखी घट्ट दाबते. ‘इम्युनिटी वाढवणं’ आणि पीडी-१ अडवणं ही एकच गोष्ट नव्हे. कोणत्याही काढ्याने कॅन्सरच्या रुग्णात पीडी-१ अडवल्याचा पुरावा नाही. शिवाय कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. यकृताचं चित्र प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्यावर होणाऱ्या आजारासारखं होतं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, हेही सांगायला हवं. पण यकृतावर आधीच औषधांचा ताण असलेल्या रुग्णाने गुपचूप काढा सुरू करू नये, एवढ्यापुरता तो वाद मिटायची वाट पाहायची गरज नाही.

उरली केमो. पीडी-१ अडवणारी औषधं आपल्याकडे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहेत, आणि अशा मजकुराला पाणी मिळतं ते त्या हतबलतेतूनच. परळच्या टाटा मेमोरियलने त्यावर वेगळी वाट शोधली. तोंडाच्या-घशाच्या बळावलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांची चाचणी घेऊन त्यांतल्या निम्म्यांना दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिलं, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण निव्होलुमॅब न मिळालेल्या गटात १६.३ टक्के होतं, मिळालेल्या गटात ४३.४ टक्के. त्या चाचणीतल्या दोन्ही गटांना मेथोट्रेक्सेटसह तीन औषधांच्या गोळ्या चालूच होत्या. मेथोट्रेक्सेट ही केमोच आहे. निव्होलुमॅब दिलं ते तिच्या जोडीला.