शिंपल्या मोजायलाही पगार लागतो

२०२३च्या हिवाळी अधिवेशनात ‘सारथी’च्या फेलोशिपच्या जागांवरून विधान परिषदेत विचारलं गेलं होतं, ‘पीएचडी करून काय दिवे लावणार?’ तो प्रश्न नागपुरातच राहिला असता तर बरं झालं असतं. आता कौटुंबिक ग्रुपवरही कुणाच्या संशोधनाचा विषय निघाला की तोच पुढे येतो. ‘प्राचीन किनारी वस्त्यांचा सागरी आहार’ असं शीर्षक तर टीकेला आयतंच सापडतं. कालवं कुणी किती खाल्ली हे शोधायला सरकारनं चार वर्षं का पोसायचं? एखाद्या कोळणीला विचारा, ती सांगेल.

कोळीण आजचं सांगेल, आणि आम्हा अभ्यासकांपेक्षा नेमकं सांगेल. पण डेन्मार्कच्या उत्तर युटलंडमध्ये लिमफ्योर्ड या खाडीच्या काठी एर्टेबोले इथे सहा-सात हजार वर्षांपूर्वी लोक कशावर जगले, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. तिथे आहे तो शिंपल्यांचा ढीग. सुमारे १४० मीटर लांब आणि काही ठिकाणी जवळजवळ दोन मीटर जाड. पाहताक्षणी वाटतं, ही माणसं कालवांवरच जगत होती. प्रत्यक्षात एका मोठ्या हरणाइतके उष्मांक मिळवायला ५२ हजारांहून जास्त कालवं लागतात, असा हिशेब पुरातत्त्वज्ञ जेफ बेली यांनी १९७८ साली मांडला. शिंपला टिकतो, मांस टिकत नाही, म्हणून ढिगाकडे पाहून माणूस फसतो.

खरी माहिती चाळणीत मिळते. हातानं वेचलं तर हरणाची, रानडुकराची हाडं येतात आणि माशांचे मणके मातीबरोबर फेकले जातात. चार मिलिमीटरच्या जाळीतूनही लहान मासे निसटतात, म्हणून खाली दोन मिलिमीटरची, कधी त्याहून बारीक जाळी लावून माती पाण्यात चाळावी लागते. मग ती वाळवायची आणि भिंगाखाली चिमट्यानं एकेक हाड निवडायचं. असं केल्यावर एर्टेबोलेच्या समुद्री कालवांच्या ढिगात माशांची हाडं निघाली ती बहुतांश गोड्या पाण्यातल्या माशांची आणि वामची! चाळणी जाड असती तर पुस्तकात वेगळाच इतिहास छापला गेला असता.

माणसाच्या हाडाचं काम त्याहून किचकट. अर्धा-एक ग्रॅमचा तुकडा घासून स्वच्छ करायचा आणि चार अंश सेल्सिअसला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवायचा. खनिज विरघळून तुकडा रबरासारखा मऊ व्हायला कित्येक दिवस लागतात. घाई करून तापमान वाढवलं तर ज्यासाठी हा खटाटोप, ते कोलॅजन म्हणजे हाडातलं प्रथिनच विरघळून जातं. त्यानंतर हलक्या आम्लात ७०-७५ अंशांवर दोन दिवस, मग गाळणं, गोठवणं, निर्वातात सुकवणं. शेवटी कथिलाच्या इवल्या डबीत एखादा मिलिग्रॅम उरतो. कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर २.९ ते ३.६ च्या बाहेर गेलं की तो नमुना बाद. शिवाय सागरी अन्नावर जगलेल्या माणसाचं हाड कार्बन-१४ कालमापनात सुमारे ४०० वर्षं जुनं दिसतं. ती दुरुस्ती विसरली तर शेवटचा मासेमार पहिल्या शेतकऱ्याच्या कित्येक पिढ्या आधी जाऊन बसतो. कोलॅजनमधल्या कार्बनवरून माणसाचं अन्न समुद्रातलं होतं की जमिनीवरचं, हे कळतं. याच पद्धतीनं १९८१मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ हेन्रिक टाउबर यांनी दाखवून दिलं की शेती आली आणि समुद्राकाठच्या माणसांचा आहार जमिनीकडे वळला.

हे काम करणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला इथे, डेन्मार्कमध्ये, विद्यापीठ नोकरीवर ठेवतं. तीन वर्षांचा करार, महिनाअखेरीला ई-बॉक्स या डिजिटल टपालपेटीत पगारपत्रक, पेन्शन, फेरीपेंगे म्हणजे सुट्टीचे पैसे, गरज पडली तर बार्सेल म्हणजे बाळंतपणाची रजा. त्याला कुणी उपकार म्हणत नाही. १८४८ साली देश श्लेस्विगच्या युद्धात असताना डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीनं हे ढीग समुद्रानं रचले की माणसांनी, एवढ्यासाठी प्राणिशास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुप, भूगर्भशास्त्रज्ञ फोर्कहॅमर आणि पुरातत्त्वज्ञ वोर्सो यांना एकत्र बसवलं. ढिगात शिंपले जवळपास सगळे पूर्ण वाढलेले, सोबत चुलींची राख, गारगोटीची हत्यारं आणि फोडलेली हाडं. माणसांनीच रचले, हा निर्णय त्यातून झाला.

आपल्याकडे यूजीसीची जेआरएफ, म्हणजे सुरुवातीची संशोधन फेलोशिप, २०२३पासून महिना ३७ हजार आणि पुढची एसआरएफ ४२ हजार आहे. रकमेपेक्षा ती वेळेवर मिळणं जास्त महत्त्वाचं आहे. फेलोशिपसाठी संशोधकाला आझाद मैदानात बसावं लागलं की प्रयोगशाळेतलं आम्ल कोण बदलणार? बीकरमधलं हाड मंत्रालयातल्या फाइलसाठी थांबत नाही.

परदेशात बसून बोलणं सोपं, हे उत्तर मला ठाऊक आहे आणि त्यात तथ्यही आहे. माझं कौशल्य डॅनिश करदात्याच्या पैशांवर उभं राहिलं. कुठल्याशा युटलंडवासीयाच्या ताटात काय होतं हे मी सांगू शकतो, चौलच्या बंदरात कुणी काय रांधलं हे मला सांगता येत नाही, आणि हे मला वर्षानुवर्षं बोचतं. मी स्वतःला कुठला म्हणवून घेतो, या प्रश्नाला तिथेच अडतो.

आणि डेन्मार्कची पद्धत कोकणात जशीच्या तशी चालणार नाही. डेन्मार्कच्या ढिगातला शिंपला मातीतलं आम्ल निष्प्रभ करतो, म्हणून हाडं टिकतात. आपल्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत आणि उष्ण, दमट हवेत कोलॅजन फार काळ टिकत नाही. तिथे खापर कामाला येतं. मातीच्या भांड्याच्या भिंतीत स्निग्धांश मुरलेला असतो. मासे चढत्या आचेवर शिजले असतील तर त्या तेलापासून लांब साखळीची काही आम्लं बनतात, ती वायू-क्रोमॅटोग्राफ या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर ओळखता येतात. मात्र खापर ब्रशनं घासून धुतलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत भरलं की बाहेरचे पदार्थ मिसळून नमुना बिघडतो. ते न धुता, शक्यतो हात न लावता, अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून, जवळची माती तुलनेसाठी सोबत घेऊन ठेवावं लागतं. म्हणून पीएचडीचा विद्यार्थी खड्ड्याच्या काठावर पहिल्या दिवसापासून हवा, आणि त्या दिवसापासून त्याचा पगार चालू हवा. उत्खननाचं सामान गोदामात गेल्यावर फेलोशिप मंजूर झाली, तर त्याच्या हाती धुतलेली खापरंच येतील.