आयफेल टॉवरलाही विरोध झाला होता म्हणे!

शहराच्या मधोमध नवा ऑफिस टॉवर जाहीर झाला, त्याची चकचकीत चित्रं बाहेर आली की पाठोपाठ टॉवरची बाजू घेणारा तो ठरावीक मजकूरही मोबाईलवर फिरायला लागतो, तुमच्याकडेही आलाच असेल. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच: डिझाईनला नावं ठेवणारे प्रगतीचे शत्रू, आयफेल टॉवरलाही असाच विरोध झाला होता, काचेमुळे उजेड येतो नि वीज वाचते, खाली पब्लिकसाठी प्लाझा, म्हणजे मोकळं फरसबंद आवार, फुकट मिळतोय, इंजिनिअर लोकांनी सगळं तपासलंय, आणि शेवटी दिसणं-बिसणं ज्याच्या त्याच्या आवडीचं, ज्याचा पैसा त्याची मर्जी.

आधीच सांगतो, मला टॉवरचं वावडं नाहीये. उलट जिथे बस, मेट्रो, लोकल सगळं येऊन मिळतं तिथेच उंच बांधावं या मताचा मी आहे. पण हा मजकूर डिझाईन म्हणजे पडद्याचा रंग असल्यासारखं बोलतो, कुणाला निळा आवडतो कुणाला हिरवा, त्यात वाद कसला. इथेच घोळ आहे. ऊन किती आत येतं, वारा खाली किती जोरात येतो, सावली कुठवर जाते, बाकावर बसता येतं का, या सगळ्या मोजता येणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्या इमारत बांधायच्या आधी कागदावरच ठरतात.

आता आयफेल. हो, फेब्रुवारी १८८७ मध्ये पॅरिसच्या नामवंत कलाकार-लेखकांनी त्याच्याविरुद्ध जाहीर निषेध छापला होता, खरं आहे. पण मजकूर लिहिणाऱ्याने पुढचं वाचलेलं दिसत नाही. टॉवर बांधणाऱ्या गुस्ताव आयफेलने उत्तर देताना "तुम्हाला कळत नाही" असं म्हणून विषय संपवला नाही, त्याने सांगितलं की चार पायांचा तो वळणदार आकार वाऱ्याच्या जोराच्या हिशेबातून आलाय. म्हणजे टीकेला त्याने आकडेमोडीचा आधार घेऊन उत्तर दिलं, आम्ही तेच तर मागतोय! शिवाय त्या टॉवरला परवानगी होती फक्त २० वर्षांची, नंतर बिनतारी संदेशासाठी उपयोग निघाला म्हणून तो वाचला.

आणि त्याच पॅरिसमधलं दुसरं उदाहरण मजकुरात कधीच नसतं. माँपारनास टॉवर, १९७३ चा, साधारण २१० मीटर, ऑफिसचाच. त्याच्यावरही टीका झाली, पण पन्नास वर्षं झाली तरी लोकांचं मत काही बदललं नाही, वरून पॅरिस छान दिसतं कारण तिथून तो टॉवर दिसत नाही हा विनोद जुना झालाय, आणि १९७७ मध्ये पॅरिसने शहराच्या आत उंचीवर बंधनंच घातली. तेव्हा "आधी विरोध, मग प्रेम" हा नियम नाहीये, जिंकलेल्या घोड्याचा फोटो दाखवून सगळे घोडे जिंकतात म्हणण्यासारखं आहे ते.

काचेचा मुद्दा जरा सविस्तर घेतो कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. काच म्हणजे उजेड, उजेड म्हणजे दिवे बंद, दिवे बंद म्हणजे वीज वाचली, ऐकायला किती सोपं. मी काही वर्षं अशाच एका जमिनीपासून छतापर्यंत काच असलेल्या ऑफिसात बसलोय, पश्चिमेच्या बाजूला. दुपारी तीन वाजले की स्क्रीनवर काही दिसायचं नाही, मग सगळे उठून पडदे खाली ओढायचे, पडदे खाली आले की अंधार म्हणून दिवे लावायचे, आणि काच तापल्यामुळे एसी आणखी खाली. काचेजवळ बसणारा घामाघूम, आतल्या रांगेतला माणूस जॅकेट घालून. एकाने तर काचेला आतून पुठ्ठे चिकटवले होते चिकटपट्टीने, बाहेरून ती कोट्यवधींची दर्शनी बाजू कशी दिसत असेल विचार करा. पडदे सकाळी कोणी वर करायचं नाही, दुपारी परत ओढावेच लागणार ना, मग महिनोन्‌महिने तसेच खाली.

यात आमच्या ऑफिसचं काही विशेष नव्हतं, हे भौतिकशास्त्र आहे. उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दीड ते दोन पट आत पोचतो, म्हणजे छत पावणेतीन मीटरवर असेल तर चार-साडेपाच मीटरपर्यंत, त्यापुढे दिवे लागणारच, काच कितीही लावा. आणि टेबलाच्या खालच्या उंचीची काच कामाच्या उजेडाच्या दृष्टीने जवळपास फुकट, तिथून फक्त ऊन आत येतं आणि पायाखालच्या पिशव्या रस्त्यावरच्या लोकांना दिसतात. उष्णतेचं म्हणाल तर चांगल्यातली चांगली दुहेरी काच, आत आर्गॉन वायू, वर खास लेप वगैरे, तरी तिच्यातून एका चांगल्या इन्सुलेशनच्या भिंतीच्या चार-पाच पट उष्णता आरपार जाते. म्हणजे भारी काच लावली हे उत्तर अर्धंच, किती लावली आणि कुठल्या दिशेला लावली हे विचारायचं.

हे आज कळलंय असंही नाही. न्यूयॉर्कचं सीग्रॅम बिल्डिंग, १९५८, आर्किटेक्ट मीस व्हान डर रोहेचं, सगळ्या काचेच्या टॉवर्सचा आजोबा म्हणा, तिथे पडदे फक्त तीन स्थितीत थांबतात, पूर्ण वर, अर्धे, पूर्ण खाली, कारण लोक मन मानेल तसे पडदे ओढणार आणि दर्शनी भागाचा विचका होणार हे मीसला माहीत होतं. त्याच्याच समोरच्या लीव्हर हाउसची, १९५२ ची, काचेची भिंत पुढे पाणी झिरपून आतलं पोलाद गंजल्यामुळे पन्नासेक वर्षांत सगळी बदलावी लागली.

काचेला पर्याय नाही म्हणणाऱ्यांसाठी दोनच नावं. सौदी अरेबियातल्या जेद्दाच्या नॅशनल कमर्शियल बँकेचा टॉवर, १९८३, सत्तावीस मजले, बाहेरून जवळजवळ सलग दगड, आणि खिडक्या आतल्या भल्यामोठ्या सावलीतल्या पोकळीकडे तोंड करून. आणि फ्रँकफर्टचा कॉमर्झबँक टॉवर, १९९७, आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टरचा, २५९ मीटर उंच, काच भरपूर आहे पण खिडक्या उघडता येतात आणि मधेमधे कित्येक मजले उंचीच्या नऊ बागा आहेत. एक उन्हाच्या देशातला, एक थंडीच्या, दोन्ही आपापल्या हवेकडे बघून काढलेले. आपल्याकडे येणारं चित्र कुठल्या हवेकडे बघून काढलंय हे ते चित्र बघून सांगता येतं का बघा.

प्लाझा फुकट आहे? बरं. न्यूयॉर्कने १९६१ च्या नियमात प्लाझा सोडला तर जास्त मजले अशी बक्षिशी दिली, सगळ्यात दाट भागात एक चौरस फूट प्लाझाला दहा चौरस फूट जास्तीचं बांधकाम. यात फुकट काय आहे सांगा, एकाला दहा मिळाले की! आणि मिळालं काय, तर बऱ्याच ठिकाणी रिकामी फरशी. विल्यम व्हाइट नावाच्या माणसाने १९७० च्या दशकात कॅमेरे लावून या जागा बघितल्या आणि त्याचा निष्कर्ष इतका साधा होता की हसू येतं, लोक तिथे बसतात जिथे बसायला जागा असते. सीग्रॅमचा कट्टा बसण्याजोगा होता म्हणून तो भरायचा, शेजारचे ओस. म्हणून चित्रात प्लाझा दिसला की मी माणसं नाही बघत, ती काय कॉम्प्युटरवर चिकटवतात, मी कट्ट्याची उंची बघतो आणि त्यावर बसू न देणाऱ्या लोखंडी खुंट्या आहेत का ते बघतो. मला एका अशाच "सार्वजनिक" कट्ट्यावरून गार्डने उठवलंय, पाच मिनिटं बुटाची नाडी बांधत बसलो होतो.

शिवाय वारा. उंच सपाट भिंतीवर आदळलेला वारा खाली उतरतो, कोपऱ्यावरून सुसाट निघतो, आणि प्लाझा नेमका तिथेच असतो. ही गंमत नाहीये. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात ब्रिजवॉटर प्लेस नावाचा टॉवर २००७ मध्ये झाला, ११२ मीटर फक्त, म्हणजे जगाच्या हिशेबाने बुटकाच, आणि मार्च २०११ मध्ये त्याच्या पायथ्याशी वाऱ्याने ट्रक उलटून एक पादचारी गेला. नंतर रस्त्यावर वारा अडवणारे मोठे अडथळे उभे करावे लागले. लंडनच्या 'सिटी' या व्यापारी भागाच्या प्रशासनाने २०१९ मध्ये वाऱ्याच्या तपासणीचे कडक नियम काढले. आवडीचा प्रश्न म्हणे.

ज्याचा पैसा त्याची मर्जी? पैसा त्याचा, सावली कुणाची? न्यूयॉर्कची इक्विटेबल बिल्डिंग १९१५ मध्ये सरळसोट ३८ मजले चढली, एक एकरापेक्षा लहान प्लॉटवर आणि सावली पडायची सुमारे सात एकरावर, पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, शहराने कायदा केला की वर जाताना इमारत मागे सरकवत न्या. लंडनमध्ये २० फेनचर्च स्ट्रीट या टॉवरच्या आत वळलेल्या काचेने २०१३ मध्ये ऊन एकवटून खाली रस्त्यावर फेकलं आणि तिथे उभ्या केलेल्या जग्वार गाडीचे भाग वितळले. वितळलेली गाडी टॉवरवाल्याची नव्हती ना. मग २०१४ मध्ये बाहेरून आडव्या पट्ट्या बसवल्या. याच टॉवरच्या आर्किटेक्टने काढलेल्या लास वेगासमधल्या हॉटेलात २०१० मध्ये हाच प्रकार स्विमिंग पूलजवळ झालेला होता! आणि याच फेनचर्चवाल्यांनी माथ्यावर पब्लिकसाठी बाग कबूल केली होती, ती आहे, पण आधी बुकिंग करून आणि बॅग तपासून जायचं.

"इंजिनिअर लोकांनी तपासलंय" याबद्दल फार नाही लिहीत. तपासलेलं असतंच, त्यांचा अपमान करायचा नाहीये. पण बॉस्टनच्या जॉन हॅनकॉक टॉवरचं डिझाईनही मोठ्याच फर्मचं होतं, आणि १९७३ च्या वादळात काचा निखळून पडायला लागल्या, शेवटी सगळ्याच्या सगळ्या १०,३४४ काचा बदलल्या, तोवर प्लायवुड ठोकलेलं. दोष कुठे, तर दोन काचा जोडणारा सांधा फार ताठ होता. आणि न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प सेंटरचं, १९७७ चं, स्वतः इंजिनिअर विल्यम लमेझ्युरिए यांनीच नंतर सांगितलंय की बाहेरून एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला म्हणून त्यांनी कोपऱ्यावर येणाऱ्या वाऱ्याचा हिशेब पुन्हा केला आणि १९७८ मध्ये रात्री-रात्री सांधे वेल्डिंग करून मजबूत केले. तो विद्यार्थीही प्रगतीचा शत्रूच म्हणायचा का मग?

तेव्हा पुढच्या वेळी तो मजकूर आला की उलट चार गोष्टी मागा: वाऱ्याच्या चाचणीचा अहवाल, २१ डिसेंबरला (दिवस सगळ्यात लहान, सावल्या सगळ्यात लांब) सकाळी नऊ, बारा आणि तीनची सावली, पश्चिमेच्या बाजूला काच किती टक्के, आणि जमिनीपासून पहिल्या दहा मीटरचं चित्र, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून. ते शेवटचं चित्र सहसा नसतंच. असतं ते ढगातून काढलेलं.