‘पिअरवर परवाना लागत नाही’, पण कुठल्या पिअरवर?

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज माझ्याकडे सात वेळा आला. आधी पंचगंगेवर गळ टाकून बसणाऱ्या आमच्या ग्रुपवर, मग तालमीच्या, मग सोसायटीच्या. शेवटी मामांनी पाठवला आणि खाली विचारलं, ‘हे खरं काय रे?’ मामा ६६ वर्षांचे आहेत आणि सप्टेंबरात मुलाकडे ह्यूस्टनला निघालेत. आयुष्यभर चिलापी आणि मरळ धरली, आता समुद्रात गळ टाकायची हौस आहे. त्यांच्या प्रश्नामुळेच हे सविस्तर लिहायला बसलो.

मेसेज असा आहे: ‘पोराकडं अमेरिकेला चाललेल्या आई-बाबांसाठी खास. तिथं समुद्रातल्या पिअरवरून मासे धरायला परवाना लागत नाही. टुरिस्ट व्हिसावाल्यांना तर कुठंच लागत नाही, परवाना फक्त तिथल्या नागरिकांना असतो. ६५ च्या पुढं सगळं माफ. कुणी विचारलंच तर पोराचा परवाना दाखवायचा, घरात एक असला की बास. परवाना नाही म्हणजे मर्यादा पण नाही, मिळतील तेवढे न्या. आणि आपल्या कोकणात जेट्टीवर तर कसलाच कायदा नाही. बिनधास्त जावा.’

यातलं पिअरचं वाक्य काही राज्यांत खरं आहे. उरलेल्या मेसेजवर लोक विश्वास ठेवतात ते त्या एका वाक्यामुळे.

‘पिअरवरून परवाना लागत नाही’

पिअर म्हणजे समुद्रात आत गेलेला, खांबांवर उभा केलेला लांब धक्का. कॅलिफोर्नियात सार्वजनिक पिअरवरून समुद्रात किंवा खाडीत गळ टाकायला परवाना लागत नाही, हे खरंच आहे. पाहुणा असो की रहिवासी, दोघांनाही ही सूट आहे. पण ती माणसाला नाही, जागेला आहे. पिअर सार्वजनिक मालकीचा आणि सगळ्यांना मोफत खुला हवा, शिवाय तो किनाऱ्याला जोडलेला हवा. बंदराचा एखादा संरक्षक बांधही या व्याख्येत बसतो, पण प्रत्येक बांध बसत नाही. आणि पिअरच्या पायऱ्या उतरून दहा पावलांवरच्या वाळूत किंवा खडकावर उभं राहिलात की परवाना लागला.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी बहिणीकडे सॅन डिएगोला गेलो होतो. पहाटे पिअरवर गर्दी झाली, म्हणून एक कुटुंब शेजारच्या खडकांवर उतरलं. तासाभरात वन्यजीव खात्याचा अधिकारी आला. पिअरवर कुणालाच त्याने परवाना विचारला नाही, फक्त बादल्या आणि शीतपेट्या उघडायला लावल्या. मग तो खाली उतरला आणि त्या कुटुंबातल्या प्रत्येकाला परवाना मागितला. घरातल्या आजोबांनी खिशातून फोन काढला आणि हात वर करून पिअर दाखवू लागले, आम्ही तिथंच होतो म्हणून. त्यांचा चेहरा अजून आठवतो. कॅलिफोर्नियात विनापरवाना मासेमारीचा पहिल्या खेपेचा दंड १०० ते १००० डॉलर आहे. आणि ‘एकही मासा लागला नाही’ हे कारण चालत नाही. तिथल्या कायद्यात धरण्याचा प्रयत्न हीसुद्धा मासेमारीच.

आता कॅलिफोर्निया सोडा. टेक्सासात पिअरवरही परवाना लागतो, आणि समुद्रासाठी त्यावर खाऱ्या पाण्याची वेगळी नोंद लागते. सूट आहे ती राज्य उद्यानाच्या हद्दीत, काठावरून किंवा उद्यानाच्याच धक्क्यावरून मासे धरणाऱ्यांना. ओरेगन आणि वॉशिंग्टनमध्ये पिअरसाठी सरसकट माफी नाही. उत्तर कॅरोलिनात बऱ्याच पिअरचे मालक स्वतः एक सामूहिक परवाना घेतात आणि तिकीट काढणारा प्रत्येक जण त्यात येतो. म्हणजे परवाना असतोच, तो आपल्या नावावर नसतो इतकंच.

फ्लोरिडातही असे परवानाधारक पिअर आहेत. टाम्पा बेवरचा स्कायवे पिअर त्यातलाच एक, पण तिथला नियम वाचण्यासारखा आहे. गळात आणि दोऱ्यात पेलिकन पक्षी अडकून मरू लागले, म्हणून ऑक्टोबर २०२३ पासून तिथं गळ टाकणाऱ्याला दरवर्षी एक मोफत ऑनलाइन धडा पूर्ण करावा लागतो. एका माणसाला गळाच्या दोनच काठ्या. आणि १५ नोव्हेंबर ते १५ मार्च, पक्षी जास्त असतात त्या काळात, एका दोरीला एकच गळ. परवाना विचारणार नाहीत, पण धडा केला का ते विचारतील. ‘लागत नाही’ या दोन शब्दांत हे काहीच येत नाही.

न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमध्ये तिसरीच तऱ्हा. समुद्रासाठी पैसे भरून परवाना काढायचा नाही, पण ऑनलाइन मोफत नोंदणी करायची असते. न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलाकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी लोकांना हे माहीत नसतं. पाच मिनिटांचं काम आहे.

‘व्हिसावाल्यांना लागत नाही’

हे साफ खोटं आहे, आणि मला सर्वांत जास्त राग याच वाक्याचा येतो. कारण ते नेमकं अशा माणसांना उद्देशून आहे ज्यांना तिथं नियम विचारायची भाषा अवघड जाते. परवान्याचा नागरिकत्वाशी संबंध नाही, रहिवासाशी आहे. त्या राज्यात राहत नाही तो ‘अनिवासी’, मग तो नेवाडाचा असो की निपाणीचा. अनिवासी माणसाला परवाना मिळतोच, फक्त बऱ्याच ठिकाणी महाग मिळतो. ओळखपत्र म्हणून आपला पासपोर्ट चालतो. पाहुण्यांसाठी थोड्या दिवसांचे परवाने असतातच: कॅलिफोर्नियात एक आणि दोन दिवसांचे, फ्लोरिडात तीन दिवसांचा १७ आणि सात दिवसांचा ३० डॉलरना. मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानातही मिळतात आणि खात्याच्या संकेतस्थळावरही.

उलट फ्लोरिडात पाहुण्यालाच जास्त सांभाळावं लागतं. किनाऱ्यावरून मासेमारीचा मोफत परवाना आहे, पण तो फक्त तिथल्या रहिवाशांना. शेजारी उभा असलेला माणूस एक पैसाही न भरता गळ टाकतोय हे पाहून आपणही टाकला, तर चूक आपलीच ठरते.

‘६५ च्या पुढं माफ’

वाक्य अर्धं छाटलंय. फ्लोरिडात ६५ वर्षांवरच्यांना माफी आहे, पण ते फ्लोरिडाचे रहिवासी असतील तर. टेक्सासात ज्येष्ठांना सवलत आहे, तीही रहिवाशांनाच. तिथं पूर्ण माफी मिळते ती १ जानेवारी १९३१ पूर्वी जन्मलेल्यांना. मामांचं वय त्यासाठी फारच कमी पडतं. नातवंडांचं मात्र सोपं आहे. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात १६ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, टेक्सासात १७ खालच्यांना. ही सूट पाहुण्यांच्या मुलांनाही आहे.

‘पोराचा दाखवायचा’

परवाना ज्याचा त्याचाच. गाडीच्या लायसन्ससारखा. मुलाने परवाना काढला आणि काठी वडिलांच्या हातात असली, तर मासे वडील धरतायत असंच धरलं जातं. यावर आणखी काही लिहायची गरज नाही.

‘परवाना नाही म्हणजे मर्यादा नाही’

इथं जरा थांबावं लागेल, कारण चांगल्या मनाची माणसंही इथंच चुकतात. परवाना आणि मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना सांगतो कुणी धरायचं. मर्यादा सांगते काय, किती आणि केवढं धरायचं. कॅलिफोर्नियाच्या पिअरवर परवाना माफ आहे, मर्यादा नाही.

त्याच सकाळी माझ्या गळाला हॅलिबट लागला. आपल्या लेपासारखा चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला, पण ताकद जबरदस्त. पिअर पाण्यापासून चांगलाच उंच, म्हणून शेजारच्या फिलिपिनो आजोबांनी दोरीला बांधलेलं गोल जाळं खाली सोडलं आणि मासा वर घेतला. मी आनंदात बादलीकडे वळलो, तर त्यांनी काही न बोलता माझा हात धरला. कठड्याच्या लाकडावर कुणीतरी चाकूने खुणा केल्या होत्या. मासा त्यावर आडवा ठेवला. तोंड मिटून, शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचा. कॅलिफोर्निया हॅलिबटला किमान २२ इंच लागतात. माझा साडेएकवीस भरला. अर्ध्या इंचासाठी! त्यांनी ओल्या हाताने गळ काढला, मासा जाळ्यात ठेवून पुन्हा पाण्यापर्यंत खाली सोडला आणि जाळं कलतं केलं. वरून फेकला तर मरतो, म्हणाले. तासाभराने अधिकाऱ्याने माझीही बादली उघडली होती, हे लक्षात घ्या.

पिअरवर मासा लागतो तो बहुतेकदा लहानच, त्यामुळे हा नियम तिथं रोज लागू पडतो. शिवाय कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक पिअरवर एका माणसाला दोनपेक्षा जास्त काठ्या नाहीत. सॅन फ्रान्सिस्को खाडीत डंजनेस खेकडा धरायचाच नाही, मिळाला तर सोडून द्यायचा. खाडीकाठच्या पिअरवर खेकड्याची जाळी टाकणाऱ्यांनी डंजनेस आणि बाकीच्या खेकड्यांतला फरक आधी शिकून घ्यावा. फ्लोरिडात किनाऱ्यावरून किंवा पिअरवरून शार्क धरायचा असेल तर २०१९ पासून वेगळी मोफत परवानगी आणि त्याआधी धडा, मग पिअरकडे परवाना असो वा नसो.

‘कोकणात कसलाच कायदा नाही’

शनिवारी रात्री गगनबावडा, फोंडा किंवा आंबा घाट उतरून रविवारी जेट्टीवर काठ्या लावणारे आपण कोल्हापूरकर काही कमी नाही. म्हणून हा मुद्दा माझ्यासाठी अमेरिकेपेक्षा जवळचा आहे.

इथंही मेसेज अर्धा खरा. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे, २०२१ मध्ये त्यात मोठे बदल झाले, आणि त्यातला परवाना नौकेला असतो. जेट्टीवर काठी घेऊन उभ्या माणसाने दरवर्षी काढायचा अमेरिकेसारखा परवाना त्यात नाही. पण त्यावरून ‘कसलाच कायदा नाही’ कसं निघालं?

आपल्याकडे धरणांतली मासेमारी मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेली असते, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक गळवाल्याला माहीत आहे. पाणी सगळ्यांचं दिसलं तरी त्यात कुणाचा तरी हक्क असतो. किनाऱ्यावरही तसंच. जेट्टी कुणाच्या तरी ताब्यात असते, कुठं महाराष्ट्र सागरी मंडळाच्या, कुठं मत्स्यव्यवसाय खात्याच्या. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरात पहाटे होड्या लागतात, माल उतरतो. तिथं आपला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, होडीच्या पंख्यात गुंडाळला गेला तर खलाशाला पाण्यात उतरून तो कापावा लागतो. तिथला माणूस ‘बाजूला व्हा’ म्हणाला, तर तो हक्कानेच म्हणतोय.

मालवणला आणखी जपायला हवं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं, आणि त्यातलं ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र. तिथं होडी भाड्याने घेऊन गळ टाकायचा बेत असेल तर आधी वन विभागात विचारा. होडीवाला ‘काय होत नाय’ म्हणाला, यावर जाऊ नका.

जून-जुलैत, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक नौकांना बंदी असते. त्या दिवसांत यंत्रहोडीवाल्याला जादा पैसे देऊन ‘जरा आत’ नेणारे हौशी लोक मी पाहिलेत. परवाना त्याचा जातो, आपण रात्री घाट चढून घरी येतो. आणि आकाराचा नियम आता आपल्याकडेही आहे. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला. सुरमईला तो ३७० मिलिमीटर आहे. ट्रॉलरवाले पिल्लं ओढतात म्हणून आपण चिडतो, ते बरोबरच आहे. मग वीतभर सुरमई हातात धरून काढलेला फोटो ग्रुपवर आला की अंगठे का दाखवतो? करवत मासा, समुद्रघोडा आणि प्रचंड वाढणारा जायंट ग्रुपर हे तर वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. गळाला लागला तरी सोडायचा.

मामांना मी एवढंच कळवलं: ह्यूस्टनजवळ गॅल्व्हस्टनला पिअर आहेत, तिथं पासपोर्ट दाखवून अनिवासी परवाना काढा, खाऱ्या पाण्याची नोंद आहे ना ते बघून घ्या, एका दिवसाचाही मिळतो. राज्य उद्यानात गेलात तर तोही नको. मापाची पट्टी इथूनच न्या. त्यांचं लगेच उत्तर आलं, ‘आणि माझं फेकजाळं?’ तेही शोधून सांगितलं. टेक्सासात फेकजाळं चालतं, पण १४ फुटांपेक्षा मोठ्या व्यासाचं नाही, आणि त्यात ‘गेम फिश’, म्हणजे फक्त गळानेच धरायचे मासे, धरायचे नाहीत. मामांचं अठरा फुटी आहे. ते माळ्यावरच राहू दे म्हटलं.