ट्रिप अचानक, बातम्या फुकट

ठरवून केलेली ट्रिप होत नाही हे आता मान्य करून टाकू. ग्रुप निघतो, ग्रुपला फोटो लागतो, तारखांचा पोल होतो, सगळे अंगठे देतात आणि मग एकेकाचं काहीतरी निघायला लागतं, कोणाचं लग्नकार्य, कोणाचं ऑडिट, कोणाची नुसतीच कंबर. शेवटी त्या ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग उरतं. ट्रिप होते ती रात्री साडेदहाला "खाली ये, गाडीत बसलोय" असा फोन आला की. कुठे जायचंय कोणालाच माहीत नसतं, घरचे विचारतात कुठे चाललास, माहीत नाही, कधी येणार, माहीत नाही, आणि कोणाबरोबर म्हटल्यावर जी नावं सांगतो ती ऐकून पुढचं कोणी विचारतच नाही.

तर असे आम्ही चौघं निघालो. एक ड्रायव्हर, एक खजिनदार (म्हणजे ज्याच्या फोनमधून पेमेंट होतं तो), मी, आणि संपादक. संपादक हे आम्ही ठेवलेलं नाव. हा माणूस पेपरातलं राजकारण वाचत नाही, शेअर बाजार वाचत नाही, कोपऱ्यातली चौकट तेवढी वाचतो, कुठे कोणाचं काय अडकलं, काय हरवलं, कोणत्या प्राण्याने काय कुरतडलं. आणि ते त्याच्या लक्षात राहतं, तारखेसकट. एरवी छान आहे हो, पण प्रवासात याच्यासमोर कटकट करायची सोयच नाही. तुम्ही तोंड उघडलं की जगात कुठेतरी कोणाचं तरी तुमच्यापेक्षा वाईट झालेलं असतं आणि ते याला पाठ असतं.

हायवेला लागलो आणि जॅम. अर्धा तास गाडी जागची हलेना म्हणून मी नुसतं "वैताग आहे यार" म्हटलं. लगेच मागून, "2010 चा ऑगस्ट. चीन. बीजिंगकडे जाणारा हायवे, 100 किलोमीटरचा जॅम, दहा दिवसांच्या वर चालला. रस्त्याचं काम काढलेलं आणि वर कोळशाचे ट्रक. काही ड्रायव्हर पाच पाच दिवस अडकलेले, आजूबाजूची माणसं त्यांना पाणी आणि नूडल्स चढ्या भावाने विकत होती." आता यावर काय बोलणार? आपला अर्धा तास एकदम किरकोळ होऊन जातो. त्रास तेवढाच असतो, पण त्यातली इज्जत जाते.

मग नकाशावाल्या बाईने वळायला सांगितलं तिथे आम्ही वळलो नाही, कारण ड्रायव्हर आणि खजिनदार यांचा नवीन टीव्ही कुठला घ्यावा यावर वाद चाललेला. बरंच पुढे गेल्यावर मी विचारलं की अरे पोचायला अजून किती वेळ, तेव्हा कुठे कळलं. संपादकाला तर हर्षच झाला. "सेम! 2009, अमेरिका. विमानाचे दोन्ही पायलट लॅपटॉप उघडून बसले आणि उतरायचं शहर 150 मैल मागे गेलं. तासाभराहून जास्त वेळ रेडिओवर उत्तर नाही. मागून एअर होस्टेसने विचारलं की कधी उतरतोय, तेव्हा यांना जाग आली." खजिनदार म्हणाला, मग पुढे? "पुढे काय, परत फिरले आणि उतरले. लायसन्स गेलं दोघांचं." ड्रायव्हरने त्यानंतर टीव्हीचा विषय काढला नाही.

लॉजवर लाईट गेले तेव्हा मी मुद्दाम गप्प बसलो, तरी अंधारातून आवाज आलाच, की 2016 साली जिनिव्हाजवळचं ते 27 किलोमीटर घेराचं अणूतल्या कणांची टक्कर लावायचं मशीन एका मुंगसाएवढ्या जनावराने ट्रान्सफॉर्मरवर चढून बंद पाडलं होतं. झोप म्हटलं. झोपला, पण "जनावर वाचलं नाही" एवढं सांगून.

खरी मजा परतीच्या वाटेवर. काळोख पडल्यावर रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, सगळे उतरले, हातपाय मोकळे केले, आणि गाडीची किल्ली गायब. गवत गुडघ्याएवढं. चौघं मोबाईलचे टॉर्च लावून ओणवे होऊन शोधतोय, कोणाच्या पायाला काय चावतंय, आणि हा सुरूच. "2023 चा जानेवारी, पश्चिम ऑस्ट्रेलिया. खाणीवरून ट्रकने चाललेली रेडिओॲक्टिव्ह कॅप्सूल पडली. 8 मिलिमीटर बाय 6 मिलिमीटर. रस्ता 1400 किलोमीटर! आणि 1 फेब्रुवारीला सापडली, रस्त्यापासून दोन मीटरवर. आपली किल्ली केवढी मोठी आहे, आणि रेडिओॲक्टिव्ह पण नाही."

"रेडिओॲक्टिव्ह असती तर सापडली असती रे," ड्रायव्हर गवतातून ओरडला. ते मात्र बरोबर होतं, ती कॅप्सूल यंत्राला किरणं लागली म्हणूनच सापडली, ताशी 70 किलोमीटरने चाललेल्या गाडीतून. आमच्याकडे यंत्र म्हणजे खजिनदार, तो सगळ्यात मन लावून शोधत होता, घामाघूम झालेला, आणि घाम पुसायला रुमाल काढला तर रुमालाबरोबर किल्ली बाहेर. त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. संपादकाकडे यावर बातमी नव्हती, मी मुद्दाम विचारलं.

आणि मग देव पावला. गाडी सुरू झाल्यावर संपादकाच्या लक्षात आलं की त्याची बॅग लॉजवरच राहिली. तोंड एवढंसं झालं. परत जाण्यासारखं अंतर नव्हतं, लॉजवाला फोन उचलत नव्हता. अशी संधी पुन्हा येत नसते, म्हणून मी अगदी त्याच्या सुरात सुरू केलं, "1992. पॅसिफिक महासागर. जहाजावरून कंटेनर पडला आणि 28,000 प्लास्टिकची बदकं समुद्रात. दहा महिन्यांनी अलास्काच्या किनाऱ्याला लागली. तुझी बॅग पण येईल."

"हे बघ, मला आत्ता जोक नकोयत," तो चिडून म्हणाला. मग दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत बसला. मग, "28,800. आणि सगळी बदकं नव्हती, बदकं फक्त पिवळी. लाल बीव्हर होते, निळी कासवं होती, हिरवे बेडूक होते."

त्याचा चार्जर बॅगेत होता आणि फोन आठ टक्क्यांवर आलेला. थोड्या वेळाने तो बंद पडला. "अरे कोणीतरी एक मिनिट फोन द्या ना, एक भारी बातमी वाचलेली, बघून सांगतो," असं तो घर येईपर्यंत म्हणत होता. कोणी दिला नाही.